लवंगांच्या बेटावर जाण्याआधी

१९३७ साली मुंबईच्या बाजारात एका मसाल्यावर बहिष्कार पडला. मसाला होता लवंग, आणि ती येत होती झांझिबारहून. तिथल्या ब्रिटिश राजवटीने लवंगेची खरेदी आणि निर्यात एका मक्तेदार संघाच्या हाती देणारे कायदे केले. पिढ्यानपिढ्या तिथे व्यापार करणारे भारतीय त्यात भरडले जाऊ लागले. काँग्रेसने झांझिबारची लवंग घेऊ नका असं आवाहन केलं, व्यापाऱ्यांनी ते पाळलं आणि १९३८ मध्ये तिथल्या सरकारला तडजोड करावी लागली. एवढ्याशा बेटाला मुंबईचं गिऱ्हाईक किती महत्त्वाचं होतं, हे या एका प्रसंगावरून कळतं.

आज झांझिबार म्हटलं की मधुचंद्राच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. पांढरीशुभ्र वाळू, निळं-हिरवं पाणी, शिडाच्या होडीतून दिसणारा सूर्यास्त. जाहिरातीत दिसतं ते सगळं तिथे खरोखर आहे. पण अनेक पर्यटक विमानतळावरून थेट रिसॉर्टवर जातात, चार-पाच दिवस तिथेच काढतात आणि जुनं शहर परतीच्या दिवशी विमानाआधीच्या दोन तासांत उरकतात. एवढा खर्च करून हे बेट असं पाहू नये. इथला समुद्र, इथले मसाले आणि इथली माणसं एकाच इतिहासात गुंफलेली आहेत. वारा, भरती आणि लोकांचा दिनक्रम यांच्याशी जुळवून सहल आखली, तर हे सगळं एका आठवड्यात नीट पाहून होतं.

झांझिबार हा टांझानियाचा स्वायत्त भाग. टांझानियाच्या किनाऱ्यापासून साधारण ३५-४० किलोमीटरवर असलेला हा द्वीपसमूह आहे. पर्यटक ज्याला झांझिबार म्हणतात ते मुख्य बेट म्हणजे उंगुजा. त्याची लांबी सुमारे ८५ किलोमीटर. उत्तरेला पेंबा नावाचं दुसरं मोठं बेट आहे. तिथे फार कमी पर्यटक जातात, पण आजची बहुतांश लवंग तिथलीच असते. पहिल्या खेपेला उंगुजा पुरे.

सगळ्यात आधी प्रश्न महिन्याचा. महाराष्ट्रातल्या कुटुंबांना सवडीची वाटते ती एप्रिल-मेची सुट्टी झांझिबारसाठी सर्वांत वाईट. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत तिथे ‘मसिका’, म्हणजे मोठा पाऊस असतो. अनेक हॉटेलं त्या काळात चक्क बंद असतात आणि जी सुरू असतात त्यांचे दर उतरतात. त्या उतरलेल्या दरांना भुलून तिकिटं काढू नयेत. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ‘वुली’, म्हणजे लहान पाऊस येतो. तो सरींचा असतो, दिवस वाया घालवत नाही. जून ते ऑक्टोबर हा कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ. जानेवारी-फेब्रुवारीही कोरडा, पण उकाड्याचा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर ती सुट्टी उत्तम. नाताळात मात्र खोल्यांचे दर आकाशाला भिडतात.

ऋतूंचं हे चक्र फिरवणारे वारे दोन. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून ‘कास्काझी’ वाहतो, तर एप्रिलनंतर दक्षिणेकडून ‘कुसी’. कच्छ, काठेवाड आणि ओमानची गलबतं शतकानुशतकं कास्काझीवर स्वार होऊन झांझिबारला यायची आणि वारा फिरला की परतायची. तोच दक्षिणेचा प्रवाह पुढे वळून जूनमध्ये कोकणात पाऊस आणतो. पर्यटकाच्या दृष्टीने याचा व्यवहारी अर्थ असा की, जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा जोरात असतो. पतंगाला जोडलेल्या फळीवर उभं राहून लाटांवर धावणाऱ्या काइटसर्फिंगवाल्यांची तेव्हा पाजे गावात चंगळ असते. शांत पाण्यात डुंबायचं असेल तर त्या दिवसांत वायव्येचा किनारा धरावा.

रमजानचा महिनाही आधी पाहून ठेवावा. बेटावरची बहुसंख्य वस्ती मुसलमान आहे. त्या महिन्यात दिवसा शहरातली बरीच उपाहारगृहं बंद असतात आणि रस्त्यावर खाणं-पिणं लोकांना खटकतं. रिसॉर्टमध्ये अडचण येत नाही. पण ज्यांना शहर चाखत फिरायचं आहे त्यांनी तारखा बदललेल्या बऱ्या. रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल.

आता बेत. सात रात्री असतील तर पहिल्या दोन, जमल्यास तीन, स्टोन टाउनमध्ये काढाव्यात, नंतर दोन पूर्व किनाऱ्यावर आणि उरलेल्या उत्तरेला. शहर आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम उलटू नये. समुद्रावर सुस्तावलेला माणूस पुन्हा गल्ल्यांमधून पायपीट करायला उठत नाही.

स्टोन टाउनला स्वाहिलीत ‘म्जी म्कोंग्वे’ म्हणतात, म्हणजे जुनं शहर. प्रवाळाच्या दगडांची आणि चुन्याची ही घरं २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणाच्या की नकाशा हातात असूनही रस्ता चुकतो. तो चुकू द्यावा, कारण कुठूनही थोडं चाललं की समुद्र किंवा बाजाराचा मोठा रस्ता लागतोच. चालताना दारांकडे लक्ष ठेवावं. सरळ चौकटीची, कोरीव पट्ट्यांची दारं अरबी वळणाची, तर वर कमान आणि फळ्यांवर पितळी खिळे असलेली दारं भारतीय वळणाची. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांना अणकुचीदार खिळे असतात. झांझिबारला हत्तींचा धोका नव्हता, पण खिळे मात्र समुद्र ओलांडून तिथवर पोचले आणि घरमालकाच्या श्रीमंतीची खूण झाले.

किनाऱ्यालगत जुना किल्ला आहे. १६९८ मध्ये पोर्तुगीजांना हुसकावल्यानंतर ओमानी अरबांनी तो उभारला. त्याच्या शेजारची ‘बेत अल-अजाइब’, म्हणजे आश्चर्यगृह, ही इमारत १८८३ मध्ये सुलतान बरघशने बांधली. या बरघशचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. भावाविरुद्धचं बंड फसल्यावर १८५९ मध्ये ब्रिटिशांनी त्याला मुंबईला हद्दपार केलं आणि सुमारे दोन वर्षं तो तिथे राहिला. पुढे गादीवर आल्यावर त्याने शहराला नळाचं पाणी दिलं आणि हा महाल उभा केला. २५ डिसेंबर २०२० रोजी या इमारतीचा मोठा भाग मनोरा घेऊन कोसळला. ती आत जाऊन पाहता येईल असं गृहीत धरून बेत आखू नये. बाहेरून मात्र जरूर पाहावी.

तिथून थोडं उत्तरेला गेलं की कोरीव लाकडी सज्जांची, पांढरी-हिरवी इमारत दिसते. तिला ‘जुना दवाखाना’ म्हणतात. कच्छहून आलेल्या थारिया टोपण या खोजा व्यापाऱ्याने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये तिचं काम सुरू केलं. सुलतानांच्या काळात जकातीचा ठेका बराच काळ कच्छी भाटिया पेढ्यांकडे होता, त्यात जयराम शिवजी हे नाव मोठं. गोव्याचे ख्रिस्तीही तिथे कारकून, शिंपी आणि छायाचित्रकार म्हणून स्थिरावले. त्यांचं प्रार्थनास्थळ म्हणजे जुळ्या मनोऱ्यांचं सेंट जोसेफ कॅथेड्रल. हुरुम्झी गल्लीत शिवशक्ती मंदिर आहे. संध्याकाळी त्या गल्लीतून जाताना अजान आणि घंटानाद जवळपास एकाच वेळी कानावर येऊ शकतात.

शांगानी भागात फ्रेडी मर्क्युरीच्या नावाचं छोटं संग्रहालय २०१९ पासून आहे. ‘क्वीन’ या बँडचा हा गायक मूळचा फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्याचा जन्म स्टोन टाउनमधल्या पारशी कुटुंबात झाला आणि त्याचं शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालं. पहिला बँडही त्याने पाचगणीतच काढला. सुलतानाची राजवट उलथवणाऱ्या १९६४ च्या क्रांतीनंतर त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. संग्रहालय पाहायला तास पुरतो. गाण्यांचे चाहते नसलेल्यांनी ते वगळलं तरी चालेल.

एक जागा मात्र कुणीही वगळू नये. म्कुनाझिनी भागातलं अँग्लिकन कॅथेड्रल जिथे उभं आहे तिथे १८७३ पर्यंत गुलामांचा बाजार भरत असे. ब्रिटिशांच्या दबावाखाली बरघशने त्या वर्षी तो बंद केला. पूर्वी जिथे फटक्यांचा खांब होता, तिथे आज वेदी आहे असं सांगितलं जातं. आवारात क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीने घडवलेलं स्मारक आहे. जमिनीतल्या खड्ड्यात साखळदंडांनी बांधलेल्या पाच मानवी आकृती उभ्या आहेत आणि त्या साखळ्या त्या काळातल्या खऱ्या आहेत. शेजारच्या प्रदर्शनात आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसं कशी पकडून आणली जात याची कागदपत्रांनिशी माहिती आहे. बाजार बंद झाला तरी बेटावर गुलामगिरी कायदेशीर राहिली, ती १८९७ पर्यंत. लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या त्या या गुलामांच्याच श्रमावर, आणि त्या बागांना पतपुरवठा करणाऱ्यांत भारतीय पेढ्याही होत्या. मसाल्यांच्या बागेत जाण्याआधी हे प्रदर्शन पाहावं. त्यासाठी दीड-दोन तास राखून ठेवावेत आणि त्या आवारात सेल्फी काढू नयेत.

मुळात लवंग झांझिबारची नव्हे. ती इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची. तिथून फ्रेंचांनी ती मॉरिशस आणि रेयुनियनला नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती झांझिबारला पोचली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने आपली राजधानीच मस्कतहून इथे हलवली आणि लवंगेचे मळे वाढवले. काही दशकांतच जगाच्या लवंगेचा फार मोठा हिस्सा उंगुजा आणि पेंबा या दोन बेटांतून जाऊ लागला. १८७२ च्या चक्रीवादळाने उंगुजावरची बहुतेक झाडं झोपवली. पेंबा बऱ्यापैकी बचावलं, आणि तेव्हापासून लवंगेचा भार त्या बेटावर गेला.

पर्यटकांना ज्या ‘स्पाइस टूर’ला नेतात ती शहराबाहेर किझिंबानी, किदिची या गावांकडच्या बागांमध्ये होते. अर्धा दिवस लागतो. यातल्या बऱ्याच बागा व्यापारी उत्पादनासाठी नसून पाहुण्यांना दाखवण्यासाठी जोपासलेल्या आहेत, हे ध्यानात असलं की अपेक्षाभंग होत नाही. तरीही फेरी घ्यावी. रोज डब्यातून काढून वापरतो ते पदार्थ झाडावर कसे दिसतात हे कित्येकांनी कधीच पाहिलेलं नसतं. लवंग म्हणजे न उमललेली कळी. हिरवी कळी गुलाबीकडे झुकली की ती उमलण्याआधी हाताने खुडावी लागते, नंतर देठ वेगळे करून चटयांवर उन्हात वाळवतात. फूल उमललं की माल गेला. जायफळाचं फळ फोडलं की बीवर लाल जाळी गुंडाळलेली दिसते, तीच जायपत्री. वेलची बुंध्याशी जमिनीलगत लागते. व्हॅनिलाच्या फुलाचं परागीकरण तिथे नैसर्गिकरीत्या होत नाही. ते हाताने करावं लागतं, आणि ती युक्ती १८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. कोकणात नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी घेणारे बागायतदार आहेत. रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्राने तर त्या पद्धतीला ‘लाखीबाग’ असं नाव दिलं. अशा घरातला कुणी सोबत असेल तर बागेतल्या वाटाड्याशी त्याचा संवाद ऐकण्यासारखा होतो.

लवंगेचा तोडा साधारण जुलै ते डिसेंबरच्या दरम्यान असतो. त्या दिवसांत रस्त्याकडेला चटयांवर लवंग वाळत घातलेली दिसते आणि वास गाडीत शिरतो. बागेत मुलं नारळाच्या पात्यांच्या टोप्या, टाय विणून गळ्यात घालतात. ती भेट नसते, त्यासाठी थोडे पैसे द्यायचे असतात आणि ते खुशीने द्यावेत. मसाले मात्र बागेच्या दुकानातून घेण्यापेक्षा शहरातल्या दाराजानी बाजारातून घ्यावेत, तिथे स्वस्त पडतात. १९०४ च्या या बाजारात सकाळी जावं. वेष्टनबंद, पूर्ण वाळलेला माल घ्यावा. रोपं, ओली बी किंवा फांद्या भारतात आणायला परवाना लागतो, तेव्हा त्या मोहात पडू नये. लवंगेची घाऊक खरेदी आणि निर्यात आजही सरकारी महामंडळाकडेच आहे. घरापुरती पाकिटं आणायला हरकत नाही, पोत्याने आणण्याचा विचार करू नये.

त्याच बाजारात ‘कांगा’ मिळतो. सुती कापडाची रंगीत जोडी, प्रत्येकीवर स्वाहिलीत छापलेली एखादी म्हण किंवा टोमणा. घेण्याआधी दुकानदाराला मजकुराचा अर्थ विचारावा. सासूला भेट द्यायच्या कापडावर शेजारणीला मारलेला टोमणा असायचा!

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांना वाटते तेवढी करायला नको. स्टोन टाउनमध्ये भारतीय खानावळी आहेतच. पण स्थानिक पदार्थांतही ‘माहारागे या नाझी’, म्हणजे नारळाच्या दुधातला राजम्यासारखा घेवडा, ‘म्चिचा’ नावाची माठासारखी पालेभाजी, भात, चपाती, कसावाचे तळलेले काप असं बरंच मिळतं. ‘उरोजो’ हा खास शहरी पदार्थ आहे. हळद घातलेल्या पिवळ्या, आंबट रश्श्यात भजी, बटाटा, चटणी आणि वरून कुरकुरीत काप. त्यात मांसाचे तुकडे घालतात, ते नको असल्यास आधीच सांगावं. मांसाहाऱ्यांसाठी नारळातलं ऑक्टोपस, पिलाव आणि ‘मिश्काकी’, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस. सूर्यास्तानंतर फोरोधानी बागेत खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. तिथे दर आधी ठरवावा आणि समोर ताजं भाजून देतील तेच घ्यावं. मांडून गार झालेली मासळी परत गरम करून देतात, ती टाळलेली बरी. आलं-लिंबू घातलेला उसाचा रस मात्र चुकवू नये.

संगीताची आवड असणाऱ्यांनी ‘ताराब’ ऐकावं. अरबी कानून आणि ऊद, व्हायोलिन, अकॉर्डियन आणि स्वाहिली काव्य असा हा मेळ आहे. या संगीताची पहिली मोठी गायिका सिती बिंती साद गुलामांच्या घरात जन्मली, मडकी विकत गाऊ लागली, आणि १९२८ मध्ये तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या मुंबईत. पूर्व आफ्रिकेतल्या एका स्त्रीचा आवाज तबकडीवर उमटला तो आपल्या शहरात, याची आठवण मुंबईकरांनी ठेवायला हवी. ताराबचे कार्यक्रम कुठे आहेत याची चौकशी हॉटेलात करावी. फेब्रुवारीत ‘साउती झा बुसारा’ हा संगीतमहोत्सव होतो, तर जुलैमध्ये दक्षिणेच्या माकुंदुची गावी ‘म्वाका कोग्वा’ हा शिराझी, म्हणजे पर्शियन परंपरेतल्या, नववर्षाचा सण. त्यात केळीच्या सोपटांनी लुटुपुटुची मारामारी होते, गवताची झोपडी पेटवतात. त्या दिवशी घरी पाहुणा नसणं अशुभ मानतात, त्यामुळे परक्यांचं मनापासून स्वागत होतं.

आता समुद्र. इथेच सर्वांत जास्त पर्यटकांची फसगत होते, आणि ती टाळणं अगदी सोपं आहे. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, जांबियानी, ब्वेजू, मातेम्वे इथे तळ उथळ आहे आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत जवळपास ४ मीटरचा फरक पडतो. ओहोटीला पाणी किलोमीटरभर मागे जातं. सकाळी समुद्रस्नानासाठी खोलीबाहेर आलेल्या पाहुण्याला समोर ओली वाळू, दगड आणि डबकी दिसतात. कोकणातल्या कोळ्यांना ठाऊक असलेलं गणित इथेही लागू पडतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. झांझिबारला उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण सकाळी १० च्या आणि भरती दुपारी ४ च्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास हे उलट होतं आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. त्यामुळे तिकिटं काढण्याआधी कॅलेंडरवर तिथी पाहावी. पूर्व किनाऱ्यावर सकाळी पोहायचं असेल तर अष्टमीच्या जवळचे दिवस घ्यावेत. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, हॉटेलच्या फळ्यावरही लिहिलेल्या असतात.

पण ओहोटी म्हणजे वाया गेलेली वेळ, असं मानू नये. उधाणाच्या ओहोटीला गावातल्या बायका खुंट्या आणि दोऱ्यांच्या रांगांमध्ये ‘म्वानी’, म्हणजे समुद्रशेवाळाची शेती करताना दिसतात. १९८९ च्या सुमारास ही शेती इथे सुरू झाली. या शेवाळातून निघणारा घट्टपणा आणणारा पदार्थ टूथपेस्ट, आइस्क्रीम अशा वस्तूंत जातो. ही शेती मुख्यतः बायकांच्या हातात आहे आणि त्यातून अनेकींच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. आता पाणी तापत चालल्याने चांगल्या भावाची जात उथळ पाण्यात तग धरत नाही. त्यावर उपाय म्हणून काही जणी शेवाळापासून साबण आणि तेलं बनवतात. ती पाजेमध्ये विकत मिळतात आणि घरी नेण्यासाठी याहून चांगली भेटवस्तू बेटावर क्वचितच असेल. ओहोटीत चालताना पायात रबरी बूट हवेत. काळ्या समुद्री साळिंदरांचे काटे पायात घुसले तर सुट्टीचे दोन दिवस जातात. शेतीच्या दोऱ्या तुडवू नयेत, आणि काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दिवसभर केव्हाही पोहता यावं अशी ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी उत्तर टोकावरचे नुंग्वी आणि केंद्वा. तिथे ओहोटीचा फारसा त्रास नाही आणि सूर्यास्तही पाण्यात दिसतो, जो पूर्वेला दिसत नाही. गर्दी आणि संगीताचा गोंगाट मात्र सहन करावा लागतो. नुंग्वीत हाताने गलबतं बांधणारे सुतार आजही काम करतात. किनारा सोडून तिकडे एक फेरी मारावी. जीवरक्षक बहुतेक किनाऱ्यांवर नसतात, तेव्हा मुलांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

काही सहलींबाबत नकार द्यायला शिकावं. दक्षिणेला किझिम्काझीला डॉल्फिन दाखवायला नेतात. तिथे कळपाच्या मागे अनेक होड्या एकदम धावतात आणि पर्यटकांना त्यांच्या पुढ्यात पाण्यात उतरवतात. हे डॉल्फिनसाठी छळाचं आहे. जायचंच असेल तर अंतर राखणारा, इंजिन मंद ठेवणारा नावाडीच घ्यावा. गावातली इ.स. ११०७ च्या कूफी शिलालेखाची मशीद मात्र पाहण्यासारखी आहे. फोटोसाठी तारामासे पाण्याबाहेर काढणारे, शंख-प्रवाळ विकणारे यांना ठाम नाही म्हणावं. त्याऐवजी जोझानीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळ घालवावी. झांझिबारचं लाल कोलोबस माकड जगात फक्त याच द्वीपसमूहात आढळतं. ही माकडं इतकी जवळ येतात की हात लावावासा वाटतो, तो लावू नये. माणसाचे आजार त्यांना होतात. शहरासमोरच्या चांगू बेटावरची महाकाय कासवंही मुलांना आवडतात. १९१९ मध्ये सेशेल्सहून आलेल्या चार कासवांपासून तिथली परंपरा सुरू झाली.

वागण्या-बोलण्याबाबत थोडंसं. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते. शहरात आणि गावात स्त्री-पुरुष दोघांनीही खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दारू हॉटेलात मिळते, रस्त्यावर पिऊ नये. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करावं, त्यांच्याकडून ‘मराहाबा’ असं उत्तर येतं आणि चेहरा खुलतो. अभिवादन न करता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. वेळ ठरवताना एक घोटाळा टाळावा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळी ७ ला ‘एक वाजलेला’ असतो. गाडीवाल्याशी वेळ ठरवताना कोणत्या घड्याळाने, हे स्पष्ट विचारावं. बंदरावर आणि किनाऱ्यांवर मागे लागणाऱ्या दलालांना ‘पापासी’ म्हणतात. ओळखपत्र असलेला मार्गदर्शक हॉटेलातून ठरवला की त्यांचा त्रास संपतो. ‘डाला डाला’ या सामायिक गाड्या स्वस्त आहेत, पण सामान घेऊन आणि मुलांसह त्रासाच्या. शहरातून पाजेला मोटारीने सुमारे तास, नुंग्वीला दीड तास लागतो. वाहनं डाव्या बाजूनेच चालतात, मात्र भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवायची तर स्थानिक परवाना काढावा लागतो.

पैसे दोन प्रकारचे ठेवावेत, छोट्या खर्चाला टांझानियन शिलिंग आणि राखीव म्हणून डॉलर. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या हव्यात, जुन्या नोटा बदलून मिळणं अवघड जातं. हॉटेलच्या दराखेरीज दर रात्री माणशी एक सरकारी कर लागतो, तो दरात धरला आहे का हे आरक्षणाच्या वेळीच विचारावं. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. घरून चिवडा-चकल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये बांधून नेऊ नयेत. टांझानियाने १ जून २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे. डबे वापरावेत. मलेरिया उंगुजावर बराच आटोक्यात असला तरी नाहीसा झालेला नाही, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आणि डासांसाठीचं मलम सोबत हवं.

कागदपत्रांकडे मात्र तारखा ठरल्या की लगेच वळावं. भारतीयांना टांझानियाचा व्हिसा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावरून काढावा, कारण हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारने परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी विमा महामंडळाचा प्रवास विमा सक्तीचा केला आहे. सुरुवातीचा दर मोठ्या माणसाला ४४ डॉलर होता आणि घरून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही. दर आणि नियम निघण्याआधी एकदा तपासावेत. मुंबईहून जाणारी सोयीची विमानं बहुधा नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असतात. केनिया आणि इथिओपिया हे भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीतले देश. तिथे विमानतळाबाहेर पडलेला प्रवासी लशीच्या दाखल्याशिवाय परतला, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमान चुकून तिथे मुक्काम पडण्याची शक्यता कुणालाच नाकारता येत नाही. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, तेव्हा तिकीट हाती येताच पहिली नोंदणी अशा केंद्रावर करावी.